आधी छेद, मग थ्रीडी

संपादक महोदय,
जळगाव-धुळ्याकडे आता रंगीत थ्रीडी पाहून घर पसंत होते. ऊन मात्र छेदाच्या आराखड्यातच, म्हणजे घर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रातच, कळते. १:५० प्रमाणात पश्चिमेची भिंत, खिडकी आणि छज्जा पेन्सिलने काढा. मे महिन्यात पावणेपाचच्या सुमाराचे आडव्या रेषेशी ३० अंशांचे किरण कोनमापकाने ओढा. दोन फुटी छज्ज्याची सावली फक्त १४ इंच उतरते. चार फुटी खिडकी बहुतेक उघडीच! त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून उभी पडदी, खोल ओसरी, लहान खिडकी तपासता येते. दक्षिणेला मे महिन्यातल्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तिथे हाच छज्जा पुरतो. संगणक पहिल्याच रेषेला पक्के माप मागतो आणि पर्याय तिथेच खुंटतात. मंजुरीचा नकाशा त्यानंतर.

– एक वास्तुविशारद, जळगाव