रेडिएटर बदलला, गळती तशीच: न तपासता केलेल्या दुरुस्तीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) गळतीचे चुकीचे निदान, अनावश्यक रेडिएटर बदल आणि न विचारता टाकलेले गळतीरोधक रसायन

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या पंधरा वर्षे जुन्या गाडीचा रेडिएटर बदलला, त्याचे बिल घेतले आणि जॉब कार्डावर ‘गळती बंद’ असा शेरा मारून गाडी ताब्यात दिली. गळती रेडिएटरमधून नव्हतीच. कूलंट इंजिनात फिरवणाऱ्या वॉटर पंपातून होती, आणि नवा रेडिएटर बसल्यावरही ती पूर्वीसारखीच चालू राहिली.

गाडी देताना मी लक्षणे नीट सांगितली होती. कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू खाली जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर हिरवट डाग दिसतो. तो हाताला बुळबुळीत लागतो आणि वास गोडसर येतो. यावर आपल्या सर्व्हिस अॅडव्हायजरचे पहिले उत्तर होते, “एसीचं पाणी असेल.” एसीच्या पाण्याला रंग नसतो, वास नसतो आणि ते बोटांत चोळले तर साध्या पाण्यासारखेच लागते. शिवाय त्या दिवसांत एसी लावलेलाच नव्हता. हे सांगितल्यावर गाडी लिफ्टवरही न घेता दुसरे उत्तर आले: “जुन्या गाड्यांत रेडिएटरची टाकी तडकतेच.”

तडकते, हे मला मान्य आहे. प्लास्टिकच्या टाक्या वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन ठिसूळ होतात, अॅल्युमिनियमच्या जाळीशी त्या जिथे जोडलेल्या असतात तिथले रबर सुकते. पण माझ्या गाडीची टाकी तडकली आहे का, हे कोणी पाहिले? जुना रेडिएटर दाखवा म्हटल्यावर तो भंगारात गेल्याचे कळले. भेग कुठे होती, असे विचारले तर त्याचेही उत्तर मिळाले नाही.

अशा गळतीसाठी प्रेशर टेस्ट असते, आणि तिची साधने आपल्याकडे नक्कीच असतील. इंजिन थंड असताना कूलंट भरण्याच्या तोंडावरची टोपी काढायची, तिच्या जागी मापक असलेला हातपंप लावायचा, टोपीवर छापलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि काटा खाली येतो का ते पाहत थांबायचे. माझ्या टोपीवर १.१ बार असे छापलेले आहे. थंड इंजिनात हा दाब नसतो, त्यामुळे बारीक गळती नुसती पाहून सापडत नाही. इंजिन गरम झाले की उलटी अडचण होते: ओघळ खाली पोहोचण्याआधीच त्याची वाफ होते आणि मागे फक्त पांढरट-हिरवट थर उरतो. जॉब कार्डावर प्रेशर टेस्टची नोंदच नाही. “गाडी चालू करून पाहिली, काही दिसलं नाही,” एवढेच मला सांगण्यात आले. काही दिसले नाही, तर मग रेडिएटर कशाच्या आधारावर बदलला?

गळती चालूच असल्याने गाडी परत आणली, तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेले असेल, इंजिन खोलावे लागेल, असा सल्ला मिळाला. तोही अंदाजानेच. गॅस्केट गेल्याची नेहमीची लक्षणे नव्हती: ऑइल दुधाळ झालेले नव्हते, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो आहे का, हे निळ्या द्रवाच्या साध्या चाचणीने कळते. वायू असेल तर द्रव पिवळा होतो. तीही केली नाही. इंजिन खोलायला मी नकार दिला आणि गाडी बाहेरच्या मेकॅनिकला दाखवली.

त्यांनी आधी दाब भरला. काटा उतरू लागताच टायमिंग बेल्टचे (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवणाऱ्या पट्ट्याचे) वरचे झाकण काढून आरसा आणि टॉर्च लावला. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावे, यासाठीच ते ठेवलेले असते. त्या भोकाखाली वाळलेल्या थराची जाड रेघ होती. माझ्या गाडीत पंप झाकणाच्या आत असल्यामुळे ओघळ झाकणावरून उतरून चाकाजवळ पडत होता. डाग कुठे पडतो हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि रेडिएटर त्या जागेपासून लांब आहे, हे बोनेट उघडणाऱ्या कोणालाही दिसते.

टायमिंग बेल्टवरही कूलंट उडत होते, ही मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. माझ्या इंजिनात हा बेल्ट घसरला किंवा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अशा अवस्थेत गाडी ‘गळती बंद’ म्हणून मला चालवायला दिली गेली. पंप, बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलून घेतल्यावर पुन्हा दाब भरला, तेव्हा काटा जागचा हलला नाही.

बिलात ‘अॅडिटिव्ह’ अशी एक ओळ आहे. ते गळती बुजवणारे रसायन निघाले, आणि ते टाकताना मला विचारलेही नव्हते. अशा रसायनाचे कण गळतीच्या जागी साचतात तसेच हीटरच्या अरुंद नळ्यांतही साचतात. रेडिएटर बदलून गाडी मिळाल्यावर काही दिवसांतच हीटरची हवा गार येऊ लागली. हीटर उलट्या दिशेने पाण्याने धुतला तेव्हा तपकिरी गाळ बाहेर आला. गळती खरोखर बंद झाली होती, तर हे रसायन टाकण्याची गरज का पडली?

शिवाय “थोडं गळलं तर नळाचं पाणी टाकत राहा,” हा सल्ला अधिकृत सेंटरमध्ये दिला जावा याचे आश्चर्य वाटते. त्याने गंजरोधक पातळ होते, क्षारांचा थर बसतो आणि उकळण्याचा बिंदूही खाली येतो. जमिनीवर सांडलेले कूलंट चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, हेही कोणी सांगितले नाही.

माझी प्रत्येक शंका “गाडी जुनी आहे” या वाक्यावर संपवण्यात आली. जुन्या गाडीत होज, क्लिपा, टोपी, पंप आणि टाकी सगळेच थकलेले असते, म्हणून तर आधी तपासायचे असते. एकाच्या नावावर चिठ्ठी काढून तो भाग बदलायचा नसतो.

रेडिएटरची किंमत आणि मजुरी मला परत मिळावी, तसेच हीटर आणि कूलंटचा मार्ग धुण्याचा खर्च आपण द्यावा. रेडिएटर सदोष असल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरवले, हे लेखी कळवावे. चाचणी झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. न विचारता रसायन टाकण्याची परवानगी कोणी दिली, याचाही खुलासा हवा. नवा रेडिएटर चांगला आहे म्हणून पैसे परत देता येणार नाहीत, असे उत्तर फोनवर मिळाले आहे. तो चांगला असेलही, पण मी तो मागितला नव्हता.

या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावे. उत्तर न आल्यास सोबतच्या कागदपत्रांसह ग्राहक म्हणून पुढची कायदेशीर तक्रार दाखल करीन.

कळावे,
आपल्या सेंटरचा ग्राहक

सोबत: दोन्ही जॉब कार्डे व बिलांच्या प्रती, पंपाखालच्या थराची व गाळाची छायाचित्रे, बाहेरच्या मेकॅनिकचा लेखी अहवाल. काढलेला जुना पंप माझ्याकडे आहे. आपल्या तंत्रज्ञाला तो पाहता येईल.