आक्षेप कागदावर नको, तोंडावर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी पैशाच्या लेखापरीक्षणाचा विषय निघाला की ‘अहवाल आणखी कडक हवेत’ अशी मागणी होते. माझी सगळी नोकरी या कामात गेली. अहवाल कडकच असतात हो! उत्तर द्यायला समोर कोणी नसतो, हे खरे दुखणे.

इंग्लंडच्या एक्स्चेकरमध्ये, म्हणजे राजाच्या हिशेबखात्यात, पूर्वी ‘फॉरिन अपोजर’ नावाचा अधिकारी असे. न्यायालयांनी केलेल्या दंडाच्या याद्या हिरव्या लाखेची मोहोर लावून शेरीफांकडे, म्हणजे राजाच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे, वसुलीला जात. मग शेरीफाने या अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे. तो एकेक रक्कम काढून विचारणार, ‘हिचे काय झाले?’ ज्या रकमेची जबाबदारी झटकता येत नसे, ती शेरीफाच्याच नावे चढे. रीत त्याहूनही जुनी. बाराव्या शतकात शेरीफ ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरच्या सणाला), असे वर्षातून दोनदा येत आणि चौकडीच्या कापडावर सोंगट्या मांडून त्यांच्या डोळ्यांदेखत बेरीज-वजाबाकी होई. ती व्यवस्था फार पवित्र होती असे नाही. शेरीफ रयतेला पिळत, ते वेगळेच. 1833 साली कायद्याने अपोजरचे पदही गेले.

आपल्याकडे काय चालते? आक्षेप लिहायचा, तो टपालाने जाणार, अनुपालन, म्हणजे त्याचे उत्तर, येईपर्यंत संबंधित साहेब बदलून दुसऱ्या जिल्ह्यात. सहकारी संस्थांच्या ‘ओ’ नमुन्यातल्या दोषदुरुस्ती अहवालात, म्हणजे आक्षेपांवरच्या त्यांच्या उत्तरात, तर ‘नोंद घेतली’, ‘यापुढे दक्षता घेऊ’ एवढ्यावर भागते. गेलेल्या पैशाची दक्षता आता कोण कशी घेणार?

विधिमंडळाची लोकलेखा समिती सचिवांना बोलावून विचारते, हे मान्य. पण ते अहवालातल्या निवडक परिच्छेदांवर, आणि तेही बऱ्याच काळाने. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या 17 व्या कलमाने मात्र कामांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांनीच करायची तपासणी, ग्रामसभेकडे दिले. हजेरीपटावरचे नाव मोठ्याने वाचले की ‘हा तर तेव्हा मुंबईला होता’ असे मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणू शकतो. दप्तर चाळून हे आम्हाला कधीच कळले नसते.

म्हणून एवढेच सुचवतो : नगरपालिका आणि जिल्हा परिषदेतील प्रलंबित आक्षेपांची वर्षातून एकदा खुली सुनावणी ठेवावी. ज्याच्या सहीने खर्च झाला त्यानेच तिथे उत्तर द्यावे, बदली झाली असली तरी.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, सातारा