‘दिवसाच्या शेवटी’ नोकरी कोणाची जाणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘एआय आले, तुम्ही तयार आहात का?’ हा लेख वाचला. असल्या लेखासाठी तरी कोणी तयार नसावे. वर ठळक चौकट ‘८० टक्के नोकऱ्या धोक्यात’, खाली संपणाऱ्या दहा व्यवसायांची यादी (मुद्रितशोधक तिसरे, अनुवादक चौथे) आणि उपाय म्हणून पाठ करायला १५ प्रॉम्प्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचना. चौकट इतकी मोठी झाली की तिच्यामुळे वाचकांची पत्रे अर्ध्या स्तंभात कोंबावी लागली, तेही असो.

आधी त्या ८० टक्क्यांचे पाहू. हा आकडा चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय कंपनी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या मार्च २०२३ च्या निबंधातला दिसतो. त्यात म्हटले आहे ते असे : अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के कामगारांच्या कामांपैकी किमान १० टक्के कामांवर भाषा-प्रारूपांचा (चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या प्रणालींचा) परिणाम होऊ शकतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामांवर परिणाम होऊ शकेल असे कामगार सुमारे १९ टक्के. ‘परिणाम’ म्हणजे तेच काम, तोच दर्जा राखून, निम्म्या वेळात होणे. ढोबळ हिशेब केला तर आठ तासांच्या दिवसात कोणाची वीस-पंचवीस मिनिटे वाचली, तरी तो या ८० टक्क्यांत मोजला जातो. त्याची नोकरी जाईल की तोच माणूस जास्त काम उरकेल, हे त्या निबंधाने सांगितलेलेच नाही. ते आपल्या चौकटीने परस्पर ठरवून टाकले.

अशी भाकिते थोरामोठ्यांचीही चुकतात. एआयचे नामांकित संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये ‘रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणे आता थांबवा, पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल’ अशा अर्थाचे विधान केले होते. २०२४ मध्ये हिंटन यांना नोबेल मिळाले आणि रेडिओलॉजिस्ट आपापल्या जागी आहेत. कारण फिल्म वाचणे हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक. कोणती तपासणी करायची ते ठरवणे, जुन्या अहवालाशी ताडून पाहणे, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे, सुईने नमुना काढणे ही बाकीची कामे कोणाच्या हिशेबातच नव्हती.

लेखात सांगायला हवे होते ते नेमके हेच. दोन आठवडे, दर अर्ध्या तासाला, आपण काय केले ते एका ओळीत टिपून ठेवावे. नेमणूकपत्रात नसलेली कामे त्यात हमखास निघतात : ग्राहकाला खरोखर काय हवे ते त्याच्याकडून काढून घेणे, दोन तक्त्यांचा मेळ का बसत नाही ते शोधणे, मागच्या वेळी हेच का फसले ते सांगणे. मग प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहावेत. स्वतः करायला किती वेळ लागतो आणि दुसऱ्याने केलेले तपासायला किती. तपासणे झटपट होत असेल तर काम यंत्राला द्यावे. ईमेलचा खर्डा, बैठकीच्या टिपणांचे इतिवृत्त, स्प्रेडशीटचे सूत्र ही त्या जातीची कामे. तपासायला करण्याइतकाच वेळ जात असेल (करारातले कलम, औषधाची मात्रा) तर मजकूर आपण लिहावा आणि यंत्राला फक्त शंका काढायला सांगावे. बेरजा त्याच्याकडून थेट करून घेऊच नयेत. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जाणारी ही प्रणाली आहे. सूत्र तिच्याकडून घ्यावे, गणित स्प्रेडशीटला करू द्यावे आणि ताळा मूळ कागदाशी पाहावा.

यंत्रावर भरवसा किती ठेवायचा, हेही मोजून ठरवता येते. आपल्याच जुन्या, पूर्ण झालेल्या, बरोबर उत्तर ठाऊक असलेल्या कामांतून २० नमुने निवडावेत, त्यांतले पाच मुद्दाम अवघड. नावे आणि खाते क्रमांक आधी बदलावेत. ग्राहकाचा गोपनीय कागद सार्वजनिक साधनात चिकटवला की नोकरी घालवायला एआयची वाट पाहावी लागत नाही. चुका प्रकारवार मोजाव्यात आणि प्रारूपाची आवृत्ती बदलली की तेच २० नमुने पुन्हा चालवावेत. वेळ मोजायला घड्याळच लावावे. एआय प्रणालींची क्षमता मोजणाऱ्या एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांची २४६ कामे मोजली. एआय वापरल्याने आपण सुमारे २० टक्के वेगवान झालो, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला होता. सगळ्यांचे तसेच होईल असे नाही, पण स्वतःच्या अंदाजाची किंमत यातून कळते.

आपल्या प्रॉम्प्ट क्रमांक ९ ला तर दाद द्यायला हवी : ‘उत्तर खरे आहे का, हे एआयलाच विचारा.’ न्यूयॉर्कमधल्या एका वकिलाने हेच केले होते. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले त्याने न्यायालयात दाखल केले. हे खरे आहेत ना, असे चॅटजीपीटीलाच विचारले तेव्हा ‘हो’ असे उत्तर मिळाले होते. जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड झाला. संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन उघडून पाहणे, याला दुसरी वाट नाही.

आता आपल्या यादीतल्या तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मृतांविषयी. यंत्राने केलेला अनुवाद तपासून दुरुस्त करण्यासाठी आयएसओ १८५८७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१७ पासून आहे, म्हणजे चॅटजीपीटीच्या पाच वर्षे आधीपासून. हा व्यवसाय बदलला आहे, दरही पडले आहेत, हे खरेच. पण आता नेमके काय करावे लागते ते तरी छापा. यंत्राच्या चुका पूर्वी ओबडधोबड असत, डोळ्यांना टोचत. आताचा मजकूर गुळगुळीत असतो आणि चूक त्या गुळगुळीतपणाखाली दडते. सर्वांत घातक चूक गाळण्याची : एखादे वाक्य मधून नाहीसे होते आणि उरलेला मजकूर सुरळीत वाचला जातो, कारण जे नाही ते दिसत नाही. म्हणून आधी परिच्छेद आणि वाक्ये मोजावीत. मग फक्त आकडे पाहावेत. मिलियन-बिलियनचे लाख-कोटी करताना एक शून्य सहज सरकते. तिसऱ्या फेरीत फक्त नकार : ‘अपवाद वगळता’, ‘नसल्यास’, ‘खेरीज’ जिथे जिथे आहेत तिथे अर्थ उलटला नाही ना. मग संज्ञा, कारण एकच शब्द पान २ वर ‘हमी’, पान ९ वर ‘हमीपत्र’ आणि पान १४ वर ‘वॉरंटी’ होऊन बसतो. तीस-चाळीस संज्ञांची यादी कामाच्या सुरुवातीलाच दिली तर हे बरेच कमी होते. ‘तुम्ही’चे मधेच ‘आपण’ होणे, बाईंचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात पुल्लिंगी होणे हे शेवटी, मोठ्याने वाचताना पकडावे. सलग तासन्‌तास तपासले की नजर नुसती घसरत जाते, तेव्हा पाऊण तासाला उठावे.

दराबाबतही असेच. ‘यंत्राने केलेच आहे, नुसती नजर फिरवा’ म्हणून निम्मा दर सांगितला जातो. होकार देण्याआधी त्याच दस्तऐवजातले ५०० शब्द घड्याळ लावून दुरुस्त करून पाहावेत, तेही मधल्या पानांवरचे. पहिले पान नेहमीच सोपे निघते. त्यावरून तासाचा दर सांगावा. नव्याने येणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. चूक ओळखणारी नजर पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कंटाळवाण्या खर्डेघाशीतून तयार होत असे आणि ती खर्डेघाशीच आता यंत्राकडे गेली. त्यांनी रोज एक तरी पान आधी स्वतः करावे, यंत्राचे नंतर उघडावे आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ अन्‌ ओळ ताडावी.

मुद्रितशोधक संपले, हे सांगणाऱ्या त्याच लेखात ‘दिवसाच्या शेवटी माणूसच महत्त्वाचा’, ‘हे अर्थ बनवते’ आणि ‘चला, यात खोल बुडी मारूया’ ही इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली वाक्ये छापून आली आहेत. दिवसाच्या शेवटी माणूस महत्त्वाचा असेल, पण पान छपाईला जाते त्या वेळी तो कुठे असतो, एवढे कळवावे.

जाता जाता, कालच्या शब्दकोड्यात आडवा शब्द १४ ला चौकटी चार आहेत आणि उत्तर पाच अक्षरांचे. भाषा-प्रारूपांना मजकूर अक्षरांनी दिसत नाही, टोकन नावाच्या तुकड्यांनी दिसतो, म्हणून अक्षरे मोजताना ती चुकतात. शब्दकोडे कोण रचते, असा प्रश्न त्यामुळे पडला. मागच्या आठवड्याचे उत्तरही अजून छापलेले नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये)