वह्या फोडू नका, त्यात नावं आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या चित्रकलेच्या सरांच्या चिकटवह्या एका संस्थेने जतनासाठी घेतल्याची बातमी कालच्या अंकात वाचली आणि फार बरं वाटलं. शेवटच्या परिच्छेदापर्यंतच. ‘निवडक रेखाचित्रे सोडवून चौकटीत लावणार, इतर कागदांचा विचार नंतर’, असं तिथे लिहिलं आहे. हे कोणी ठरवलं? आणि आपल्या प्रतिनिधीने ते एका शब्दानेही न विचारता कसं छापलं?

सरांची रेखाचित्रं उत्तम आहेत, पण ती त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घरीही सापडतील. वह्यांतले ‘इतर कागद’ मात्र दुसरीकडे कुठेच नाहीत. प्रदर्शनांची निमंत्रणं, फ्रेमवाल्याच्या पावत्या, सहलीतले फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि कडेला सरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली नावं. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे, दुकानांच्या पाट्या करणारे, गणपतीची आरास उभी करणारे, भुसावळला रेल्वेत नोकरी करून रविवारी रंगपेटी घेऊन निघणारे, हे सगळे त्या समासांत आहेत. यांतल्या बहुतेकांचं चित्र उरलेलं नाही. पाटी पुसली, दुकान बदललं की काम गेलं.

मी शाळेत असताना माझ्या चित्राला जिल्ह्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. एका वर्तमानपत्रात फोटो आला. मी चित्र धरून उभा, शेजारी प्रमुख पाहुणे. खाली पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, हार घालणाऱ्याचंही नाव. वडिलांनी अंक दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘तुन्हं नाव कोठे शे?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि कडेला माझं नाव, गाव, इयत्ता लिहिली. वडिलांना शाळेत बोलावून ते पान दाखवलं. ते पान आता ‘इतर कागदां’त मोडतं.

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी लेण्यांत बसून केल्या. ओळखल्या जातात त्या त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स साहेब यांच्या नावाने. पेस्तनजी बोमनजींचं नाव जाणकार घेतात, पण बाकीची मुलं कोण, हे आपल्याकडे किती कलाशिक्षक सांगतील? त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली लंडनमधल्या एका आगीत जळाल्या. त्यांना आग तरी लागली. इथे वह्या आपण जतनाच्याच नावाखाली फोडायला निघालो आहोत.

थोडं कामाचं बोलतो. सर घरी शिजवलेल्या खळीत मोरचूद घालत, म्हणून कसर लागली नाही आणि वह्या टिकल्या. पण ती खळ वाळून कागदाशी एकजीव झाली आहे. चित्र सोडवायला पाणी लावलं की शाई पसरेल, मागच्या पानावरचा मजकूर जाईल. पुष्कळ ठिकाणी रेखाचित्राच्या पाठीवरच निमंत्रण आहे. आधी प्रत्येक पानाचा जसाच्या तसा फोटो घ्या, घडीचे कागद उघडून वेगळा घ्या, पानांचा क्रम मोडू नका. चित्रं दाखवायची तर त्यांच्या प्रती चौकटीत लावा. आणि वह्या खान्देशातच राहू द्या. छायाचित्रकार केकी मूस यांचं काम चाळीसगावात त्यांच्याच घरी पाहायला मिळतं, म्हणून आजही मुलांना तिथे नेता येतं. १९२६ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. जुन्या कागदाचं मोल खान्देशाला नव्याने शिकवावं लागू नये.

सरांचं ते बारीक अक्षर सहज लागत नाही. ते वाचू शकणारे आम्ही काही विद्यार्थी अजून आहोत. संस्थेने बोलवावं, आम्ही स्वखर्चाने येऊन नावं उतरवून देऊ. पाच वर्षांनी बोलावलं तर कोण असेल, सांगता येत नाही.

जाता जाता आपल्याबद्दलही. गेल्या रविवारी आपण शालेय रांगोळी स्पर्धेचा मोठा रंगीत फोटो छापलात. खाली आमदारांचं नाव, मुख्याध्यापकांचं नाव आणि ‘सोबत विजेत्या विद्यार्थिनी’. मी शाळेत फोन करून त्या मुलींची नावं विचारून घेतली. वेगळ्या कागदावर, फोटोत उभ्या आहेत त्याच क्रमाने, डावीकडून लिहून सोबत जोडली आहेत. ती छापावीत.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
अमळनेर