नदी चिपळूणच्या पुलाशी संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला वाशिष्ठीवरचा लेख दोनदा वाचला. तिवऱ्याचा डोंगर आहे, चिपळूण आहे आणि मग एकच वाक्य, 'नंतर ती दाभोळला समुद्रास मिळते'. त्या 'नंतर'मध्ये आम्ही राहतो हो! गोवळकोटचे जुने बंदर, दोन्ही काठांवरची भोई-खारव्यांची गावे, खेडहून येऊन मिळणारी जगबुडी, मुखाशी इकडे दाभोळ आणि पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड. यातले एकही नाव लेखात नसावे?

त्याहून मनाला लागले ते 'कोयनेचे अवजल समुद्रात वाया जाते' हे वाक्य. कोयना मूळची महाबळेश्वरची, कऱ्हाडला कृष्णेत जाणारी. १९६२ पासून तिचे पाणी पोफळीला वीज करून इकडे वाशिष्ठीत उतरते, तेच हे अवजल. त्याआधी चैत्र-वैशाखात नदी पायी ओलांडायचे, असे आजी सांगायची. आज भर उन्हाळ्यात खाडीत गोडे पाणी येते ते या अवजलाचेच. गोड्या-खाऱ्याच्या त्या मिसळीत बोय आणि कोळंबी वाढते, त्यावर आमच्या चुली पेटतात. हे पाणी मुंबईला न्यायची चर्चा खुशाल करा, पण त्याला वाया म्हणू नका.

माझे वडील भरती-ओहोटी न बघता होडी पाखाडीच्या शेवटच्या पायरीला लावत. आता ओहोटीला ती शंभरेक पावले अलीकडेच रुतते, मधे नुसता गाळ. गेल्या आठवड्यात पत्नी पाटी डोक्यावर घेऊन होडीतून उतरली ती मांडीपर्यंत आत गेली. फळी टाकून, पोटावर पडून मी तिला ओढून काढले. एक चप्पल आणि पाटीभर मासळी तिथेच राहिली. गाळ काढा म्हणून तीन अर्ज केले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, आधी शहरातला, मग तुमचा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा लेकीच्या घरातला चिखल उपसायला मी चार दिवस तिथे होतो. डाळीच्या डब्यांतसुद्धा गाळ होता. खाडी भरून आली, त्यात भरती चढली, की वरून आलेले पाणी उतरणार कुठून? खालचा गाळ हा शहराचाही प्रश्न आहे, हे लेखात यायला हवे होते. लेखकांनी एकदा ओहोटीच्या वेळी आमच्याकडे यावे, मी स्वतः होडीतून दाभोळपर्यंत नेईन.

आणखी एक. 'वाशिष्ठीचा उगम' म्हणून छापलेला फोटो कोळकेवाडी धरणाचा आहे. दुरुस्ती उद्याच छापा. माझ्या नातीने ते कात्रण भूगोलाच्या वहीत चिकटवले आहे.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक वाचक