अळंबीचाही महोत्सव भरवूया

महोदय,

पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगीचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण अळंबीची ओळख करून देणारा असा एखादा दिवस गावोगावी का असू नये?

कोकणातली अळंबी काय किंवा विदर्भातल्या सात्या काय, वारुळांवर उगवतात. वाळवी जमिनीखाली बुरशीची बाग जोपासते, तिथूनच ही छत्री वर येते. म्हणून ती धिंगरीसारखी (ऑयस्टर मशरूमसारखी) शेडमध्ये पिकवता येत नाही. माझी आजी देठाभोवतीची माती बोटांनी सैल करून अळंबी अलगद उचलायची. वारुळाला कोयता लावलेला तिला खपत नसे.

दुसरी बाजू जिवावरची आहे. सोबत शिजवलेलं चांदीचं नाणं किंवा लसूण काळी पडली नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, हा समज साफ चुकीचा आहे. काही छत्र्यांचं विष शिजवूनही जात नाही. अशी छत्री खाल्ल्यावर उलट्या सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात, तोवर यकृताला धोका पोहोचलेला असतो.

एका टेबलावर खाण्याची आणि विषारी छत्री शेजारी शेजारी ठेवावी. रानात वावरलेल्या बायकांनी आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून फरक दाखवावा. तिकीट नको, विक्री नको. आमच्या वाडीतली पोरं मांडव घालायला तयार आहेत, फक्त जाणकार हवेत.

– एक वाचक, सावंतवाडी