लीलाबाईंची अट आणि आपल्या घराची

कराड,
रविवार, दुपार

चि. अथर्व यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू फोनवर जे सांगितलेस ते ऐकून मी फार थोडे बोलले, आणि त्या गप्प बसण्याचा तू भलताच अर्थ लावला असशील, या काळजीने हे पत्र लिहायला बसले आहे. पहिल्या वर्षाचे दोन आणि मागच्या सत्राचे तीन असे पाच विषय राहिले आहेत, आणि ‘सगळे क्लिअर आहे’ असे जे तू वर्षभर सांगत होतास ते खरे नव्हते. शैक्षणिक कर्जाच्या पुढच्या हप्त्यासाठी बँकेने गुणपत्रिका मागितली नसती तर तू अजूनही सांगितले नसतेस, हेही तूच बोललास. मग कितीतरी वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, आणि शेवटी मी ‘बरे, झोप आता’ म्हणून फोन ठेवला. मी रागावले नव्हते. काय बोलावे ते मला सुचत नव्हते.

काल रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला, तर ‘अशी ही बनवाबनवी’ चालू होता. आपल्या घरात हा चित्रपट किती वेळा पाहिला गेला असेल याची गणती नाही. सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंत सबनीसांनी लिहिलेला हा चित्रपट १९८८ साली आला, तेव्हा मी शाळेत होते. तू तो पहिल्यांदा पाहिलास तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होतास. माझी पिवळी ओढणी डोक्यावरून घेऊन, लाजत लाजत आजोबांच्या समोर जाऊन तू पार्वती म्हणून उभा राहायचास आणि आजोबा हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून हसायचे, ते मला आत्ताही दिसते. काल मात्र मला हसू आले नाही. इतकी वर्षे ज्या प्रसंगांना आपण हसत आलो, त्या प्रत्येक प्रसंगात ती मुले घाबरलेली आहेत, हे मला काल प्रथमच दिसले.

गोष्ट तुला पाठ आहे, तरी एकदा माझ्याबरोबर नीट पाहा. धनंजय मानेला पुण्यात नोकरी आहे, पण सरपोतदारांची खोली हातची गेल्यावर डोक्यावर छप्पर राहत नाही, आणि सोबत आणखी तिघे जण आहेत. लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा आहे, पण त्यांची अट आहे की जागा मिळेल ती विवाहित जोडप्यांनाच. तेवढ्या एका अटीसाठी सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती होते. या चौघांपैकी कोणालाही लीलाबाईंना फसवायची हौस नव्हती. त्यांना राहायला जागा हवी होती, आणि आपण जसे आहोत तसे दारात उभे राहिलो तर दार उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. (दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सदाशिव पेठेत आपण तुझ्यासाठी जागा शोधत फिरलो, तेव्हा तीन ठिकाणी ‘फॅमिली आहे का?’ असे विचारून दार लावले गेले होते आणि शेवटी कॉट बेसिसवर ती खोली मिळाली, ते आठवते ना? इतक्या वर्षांत पुण्यात हे काही बदललेले नाही.)

साडीचे सोंग तर नंतरचे. त्याच्या कितीतरी आधी, सरपोतदारांनी मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांबद्दल धनंजय एक थाप मारून मोकळा होतो. ती किरकोळ असते, आपण हसतो आणि पुढे जातो. पुढे मात्र एक खोटे सांभाळायला दुसरे लागते. घरमालकिणीपुढे सोंग आहेच, पण ज्या मुलींवर जीव जडला आहे त्यांच्यासमोरही खरे बोलण्याची सोय राहत नाही. तुझ्या पहिल्या वर्षाचे ते दोन विषय म्हणजे असेच सत्तर रुपये होते, बाळा. ‘पुढच्या वेळी काढेन, मग सांगायची गरजच नाही,’ असे तू मनाशी म्हणाला असशील. पुढच्या वेळी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, आला, त्याच्याबरोबर मागचे दोन्ही पेपर आले, आणि सांगायची गोष्ट दोनाची पाच झाली.

मी मराठी शिकवते, म्हणून एका ठिकाणी मी नेहमीच थबकते. धनंजय आपल्या बायकोची ओळख करून देताना घाईत ‘हा माझा बायको पार्वती’ असे बोलून जातो. सगळा महाराष्ट्र या वाक्याला इतकी वर्षे हसतो आहे. वर्गात लिंगविचार शिकवताना मीसुद्धा या वाक्याचे उदाहरण देते, कारण ‘हा’ आणि ‘बायको’ यांची एका वाक्यातली ओढाताण मुलांना लगेच कळते. पण काल मला वाटले की जीभ खोटेपणाला पुरती वश होत नाही, तीच त्या वाक्यात बोलते आहे. तुझी जीभही मला सांगतच होती. ‘रिझल्ट लागला, चांगलाच लागलाय’ असे तू फेब्रुवारीत म्हणालास, तेव्हा तो ‘च’ माझ्या कानाला खटकला होता. ‘पेपर सोपा होता’ असे म्हणून लगेच ‘म्हणजे जाईल’ असे जोडलेस, तेव्हाही मला थांबून विचारता आले असते. दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्यांमधला एकेक काना-मात्रा तपासणाऱ्या मला स्वतःच्या मुलाच्या वाक्यातली ती अडखळ ऐकू आली, आणि मी ती ऐकून सोडून दिली. याचे मला फार वाईट वाटते.

आता ज्या प्रसंगाला मी काल उठून टीव्ही बंद केला, त्याविषयी लिहिते. पार्वतीला दिवस गेले आहेत, असे त्या घरात पसरते आणि तिचे डोहाळजेवण होते. ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणे तिथले. महाराष्ट्रात आज डोहाळजेवण असले की हे गाणे होतेच. तुझ्या वेळी, याच घराच्या पुढच्या खोलीत, फुलांच्या वाडीत मला बसवून गल्लीतल्या बायकांनी हेच गाणे म्हटले होते आणि तुझी आजी टाळ्या वाजवत होती. म्हणून ते कानावर आले की मला तुझी पहिली चाहूल आठवते. चित्रपटात मात्र पोटाशी बाळ नाही, बाई नाही, लग्नही नाही. खरी आहे ती फक्त माया. आणि ज्याच्यावर ती माया बरसते आहे तो परशा साडीत बसून ती घेतो आहे. ती त्याला नाकारता येत नाही आणि आपली म्हणून घेताही येत नाही.

दिवाळीत तुझ्या ‘निकालाचे’ अर्धा किलो कंदी पेढे आणून मी गल्लीत वाटले. तू घरी होतास. डबा तुझ्याच हातात देऊन मी तुला शेजारच्या काकूंकडे पाठवले. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तू खाली वाकून चपलांचे बंद नीट करत राहिलास. मला वाटले, मुलगा मोठा झाला, आता लाजतो. अथर्व, त्या वेळी तुझ्या मनावर काय गुजरले असेल ते मला काल त्या गाण्याने कळले. तुझे डोहाळजेवण मी घातले होते.

आणि अट? लीलाबाईंची अट निदान उघड होती. आपल्या घराची अट कुठे लिहिलेली नव्हती, पण ती मीच लावली होती. ‘आमच्याकडे नापास कोणी झालेले नाही’ हे वाक्य मी पाहुण्यांसमोर, फोनवर, तुझ्या दहावीच्या सत्काराच्या दिवशी, कितीदा म्हटले असेल. मला ते अभिमानाने बोलल्यासारखे वाटायचे. दहावीत शिकणाऱ्या मुलाला ते कसे ऐकू येत असेल याचा विचार मी केला नाही. शाळेत एखाद्या नापास मुलाचे वडील हताश होऊन येतात तेव्हा मी त्यांना खुर्चीत बसवते, पाणी देते, ‘एका परीक्षेने मूल संपत नाही’ असे सांगते, आणि ते मनापासून सांगते. ते शहाणपण मी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत येत होते. तू खोटे बोललास ही तुझी चूक आहे आणि ती मी लहान करणार नाही. बाबांनी कर्जाच्या कागदांवर सही करताना तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पण तुला ज्या दारातून आत यायचे होते त्या दारावर अट मी ठेवली होती, आणि ती चूक माझी आहे.

आणखी एक गोष्ट काल लक्षात आली, ती तुला मुद्दाम सांगायची आहे. त्या चित्रपटात कोणीही एकटा नाही. साडी दोघांच्या अंगावर असली तरी जीव चौघांचा टांगणीला लागलेला असतो. एकाची जीभ घसरली की दुसरा सावरून घेतो, एक पकडला जाण्याच्या बेतात आला की तिसरा धावून येतो. त्यांचे सोंग चुकीचे होते, पण ते चौघांनी मिळून उचललेले ओझे होते. तू मात्र ते एकट्याने वाहिलेस. तुझ्या खोलीतल्या तिघांनाही तुझे पाच विषय राहिल्याचे माहीत नव्हते, हे तू गुरुवारी सांगितलेस तेव्हा मला सगळ्यात जास्त धक्का बसला. चार कॉट, मधे दीड हाताची वाट, एकच मेस, आणि तरीही रात्री दोन वाजता तू एकटाच जागा. त्यांना सांग. आजच सांग. त्यांच्यातल्या एखाद्याचाही एखादा विषय राहिलेला असेल आणि तोही आपल्या घरी गप्प असेल. गणित समजावून देणारा कोणी त्याच खोलीत असेल. नसलाच तर वरच्या वर्षातल्या मुलांना विचारा, तुमच्या सरांना भेटा. शिक्षक म्हणून सांगते, ‘सर, मला हे येत नाही’ असे समोर येऊन म्हणणाऱ्या मुलाचा राग कोणत्याही चांगल्या शिक्षकाला येत नाही.

मी घाबरले आहे, हेही तुझ्यापासून लपवत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. तो आकडा मी शाळेत एका प्रशिक्षणात ऐकला होता आणि वहीत उतरून घेतला होता. गुरुवारी फोन ठेवल्यावर ती वही काढून मी तो पुन्हा वाचला आणि मग रात्रभर तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ऑनलाइन’ दिसते का ते पाहत बसले. तुझ्या मनात तसे काही येत असेल तर माझ्याशी बोल, आणि माझ्याशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेव. तो सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. मला आधी विचारण्याची गरज नाही, नंतर सांगण्याचीही नाही.

बँकेचे तू मनावर घेऊ नकोस. उद्या बाबा आणि मी दोघे शाखेत जाऊन गुणपत्रिका जशी आहे तशी दाखवणार आहोत. हप्ता काही काळ अडला तर माझ्या पतसंस्थेतली ठेव आहे. बाबा दोन दिवस फारसे बोलत नव्हते. आज सकाळी मात्र त्यांनी तुझ्या पाचही विषयांची नावे एका कागदावर लिहून मागितली आणि कॅलेंडर काढून परीक्षेपर्यंतचे आठवडे मोजले. त्यांची पद्धत तुला माहीत आहे. एक वर्ष गेले तर जाऊ दे, हे ते स्वतः तुला सांगतील, मी त्यांच्या तोंडचे वाक्य घेत नाही.

काल संध्याकाळी शेजारच्या काकू दळण घेऊन परतताना फाटकाशी थांबल्या आणि ‘अथर्वचे कसे चाललेय?’ म्हणून विचारले. मी नेहमीसारखे ‘छान’ म्हणणार होते. मग म्हटले, ‘पाच विषय राहिलेत त्याचे. दिवाळीत पेढे दिले तेव्हा आम्हाला माहीत नव्हते.’ त्या क्षणभर थांबल्या. पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवून म्हणाल्या, ‘आमच्या मोठ्याचे बी.एस्सी.ला दोन राहिले होते, आम्ही कोणाला कळू दिले नाही.’ अठरा वर्षे आमची भिंत एक आहे, आणि हे मला काल कळले.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी निघते. स्वारगेटला उतरून रिक्षाने येईन, तू घ्यायला येऊ नकोस, तुझा अभ्यास बुडेल. सगळ्या गुणपत्रिका काढून टेबलावर ठेव. मी त्या पहिल्या सत्रापासून ओळीने पाहणार आहे. तुझ्या खोलीतल्या मुलांना सांग की सहा जणांना पुरतील एवढ्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी आणते आहे. मेसचा त्या दिवशीचा डबा बंद ठेवा.

तुझी,
आई